खाटेखालचं मांजर

रिम्पाचं पोट रोज सकाळी दुखायचं. गणवेश चढवून झाला, दोन वेण्या घालून झाल्या, की ती दारातच मटकन खाली बसायची आणि गुडघे पोटाशी आवळून घ्यायची. रविवारी मात्र काही नाही. तिच्या आईने, लुत्फाने, ओवा चावायला दिला, गरम पाण्याची बाटली पोटावर धरली, एकदा कामावर खाडा करून सरकारी दवाखान्यातही नेऊन आणलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि पोरीला काहीही झालेलं नाही असं सांगितलं. त्यावर तिचा बाप सानारुल म्हणाला, "शाळा चुकवायची थेरं आहेत, दुसरं काय! माझ्या बापाने एक ठेवून दिली असती की पोट आपोआप जागेवर आलं असतं."

लुत्फालाही मनातून तेच वाटायचं. बंगालातलं, मुर्शिदाबादकडचं डोमकल सोडून ही तिघं केरळात पेरुंबावूरला आली, तेव्हा रिम्पा चौथीत होती. आता सहावीत गेली तरी वर्गात तिचं तोंड उघडत नव्हतं. मल्याळम कानाला कळायचं, जिभेवर यायचं नाही, आणि फळ्यावरची ती गोल गोल अक्षरं वहीत उतरवताना तिचा हात अडायचा. त्यात गेल्या वर्षी प्लायवूडच्या कारखान्यात खोड सोलायच्या यंत्राने सानारुलच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तेव्हापासून घरात मोठ्या आवाजाशिवाय बोलणं उरलं नव्हतं. मालकाने त्याला यंत्रावरून काढून अंगण झाडायला लावलं होतं. ज्या अंगणात तो कालपर्यंत मिस्त्री म्हणून मिरवायचा तिथेच हातात झाडू. तो राग कारखान्यात कुणावर निघणार? घरी निघायचा.

पोट फारच दुखलं तर लुत्फा पोरीला आपल्याबरोबर कामावर न्यायची. ती दुसऱ्या एका कारखान्यात होती. सोललेल्या लाकडाचे ओले, लांबरुंद पापुद्रे उन्हात उभे करायचे, वाळले की गोळा करायचे, असं तिचं काम. रिम्पा शेडच्या सावलीत बसायची. तासाभरात पोट बरं व्हायचं आणि मग दिवसभर ती आईकडे बघत राहायची. लुत्फाला त्याचा राग यायचा. एवढं बरं वाटतंय तर शाळेत जायला काय धाड भरली होती?

त्या दिवशी मात्र रिम्पा शाळेत गेली होती. लुत्फा पापुद्रे उलटत होती, तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. घरात फोन एकच. दिवसा तिच्याकडे, संध्याकाळी सानारुलकडे. शाळेतल्या लिजी टीचरचा निरोप होता. टीचर मल्याळम शिकवायच्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत बोलून निरोप पाठवायच्या. लुत्फाने फोन कानाला लावला. "रिम्पाच्या अम्मा, आज रिम्पाने कॉमिकमधले सगळे फुगे भरले. पहिल्यांदाच. तुम्ही बघा, आणि वेळ मिळाला की शाळेत या."

कॉमिकचं प्रकरण लुत्फाला ऐकून माहीत होतं. शाळेत जुने लॅपटॉप होते. त्यावर तयार माणसं, घरं, झाडं, गाड्या मिळायच्या. ती चित्रं निवडून चौकटीत बसवायची, तोंडाशी फुगा काढायचा आणि माणूस काय बोलतो ते फुग्यात लिहायचं. ज्या मुलांना बोलायची धास्ती वाटते त्यांच्या मनातलं यातून बाहेर येतं, आणि दोन-चार शब्दच लिहायचे असल्याने लिहिण्याचीही भीती मोडते, असं टीचरांनी पालकांच्या बैठकीत सांगितलं होतं. सानारुल घरी येऊन म्हणाला होता, कार्टून बघायला आता शाळेत पाठवायचं. रिम्पाने चित्रं भराभर केली. फुगे मात्र कित्येक दिवस कोरेच ठेवले होते.

लुत्फा पापुद्र्यांच्या आडोशाला गेली आणि तिने चित्र उघडलं. चार चौकटी होत्या.

पहिल्या चौकटीत एक भलामोठा माणूस. त्याचं तोंड अर्धी चौकट व्यापून होतं, एका हाताला पांढरं फडकं बांधलेलं, आणि तोंडाशी काटेरी कडांचा फुगा. दुसऱ्या चौकटीत जमिनीवर पालथं ताट, भाताची शितं, आणि डोक्यावरून ओढणी घेतलेली एक मुलगी भिंतीशी बसलेली. तिसऱ्या चौकटीत तीच ओढणीवाली मुलगी हातात पिशवी घेऊन बसच्या पायरीवर उभी. चौथ्या चौकटीत नुसती रिकामी खोली आणि खाटेखाली एक मांजर.

ताट तिने ओळखलं. ती रात्र ओळखली. पण त्याहून तिची नजर खिळली ती बसच्या पायरीवर. डोक्यावरून ओढणी घेतलेली पोरगी म्हणजे रिम्पाच. पिशवी घेऊन ती कुठे निघाली? आणि या सगळ्यात आई कुठे होती? एकाही चौकटीत आईचं नाव नव्हतं. पोरीने आपल्याला घरातून पुसूनच टाकलं, असं तिला वाटलं.

फुग्यांमध्ये मल्याळम होतं. लुत्फा गावाकडे जेमतेम बंगाली अक्षरं जोडण्याइतकी शिकलेली. इथली लिपी तिच्या लेखी वाटाण्यासारखीच गोल. चित्र कळत होतं आणि बोलणं कळत नव्हतं, म्हणून तर जीव अधिकच टांगणीला लागला. कुणाकडून वाचून घ्यावं? शेजारच्या रांगेत जान्सीचेची होती, सगळ्यांची चेची म्हणजे ताई, इथलीच बाई, मनाने चांगली. पण तिच्या कानावर पडलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाटकावर पोचायची. लुत्फाने बराच वेळ काढला. शेवटी राहवेना. तिने बोटांनी चित्र इतकं मोठं केलं, की बसच्या चौकटीतला फक्त फुगा दिसावा, आणि सहज विचारल्यासारखं करून तो चेचीपुढे धरला.

चेचीने डोळे बारीक करून वाचलं आणि हिंदीत सांगितलं. "'मी निघाले. परत येणार नाही.' असं लिहिलंय. काय गं हे? नवी मालिका का?"

"हो, मालिकाच," लुत्फा म्हणाली.

मग तिला काही सुचेना. हातातला पापुद्रा मोडला तेही कळलं नाही. शाळेच्या वाटेवर बसथांबा, बसथांब्यावरून कुठल्याही गावाला गाडी. थोडं पुढे गेलं की पेरियार नदीचा घाट. मागच्या वर्षी शेजारच्या चाळीतली एक पोरगी घर सोडून गेली होती, तिचा पत्ता महिन्याने लागला होता. लुत्फाने सुपरवायझरला गाठलं, पोरगी आजारी आहे म्हणून सांगितलं. तो कुरकुरला, पण चेची मधे पडली. तिच्या रांगेतलं मी बघते, म्हणाली. लुत्फाने हातपायही धुतले नाहीत. अंगावर भुसा तसाच घेऊन ती बसमध्ये चढली.

बसमध्ये दुसरी काळजी वर आली. टीचरांनी हे वाचलंच असणार. म्हणजे घरातलं शाळेत कळलं. उद्या कुणी साहेब चौकशीला आले तर? परक्या मुलखातली माणसं आपण. पोर काढून घेतात असंही तिने ऐकलं होतं. आणि संध्याकाळी फोन सानारुलच्या हातात जाईल तेव्हा? निरोप पुसून टाकावा म्हणून तिने अंगठा चित्रावर धरला. पण पुसलं तर टीचरांना काय दाखवणार? तिने फोन ओढणीत गुंडाळून ठेवला.

शाळेच्या फाटकातून ती जवळजवळ धावतच आत गेली. लॅपटॉपच्या खोलीत शेवटच्या बाकावर रिम्पा बसलेली दिसली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. पोरीने आईकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

लिजी टीचर तिला व्हरांड्यात घेऊन आल्या. वयाने लुत्फाएवढ्याच असतील. लुत्फाने आधी तेच विचारलं, जे बसमध्ये डोकं पोखरत होतं. "टीचर, पोलीस येतील का?"

"कुणी येणार नाही. मी हे कुणाला दाखवलेलं नाही आणि विचारल्याशिवाय दाखवणार नाही," टीचर म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण मला खरं सांगा. घरात मारहाण होते का?"

"नाही," लुत्फा म्हणाली. थांबून म्हणाली, "ताट फेकलं होतं. एकदा. ओरडतात मात्र रोज."

टीचर तिच्याकडे बघत राहिल्या. विश्वास ठेवावा की नाही हे त्या ठरवत असाव्यात. मग त्यांनी सांगितलं, की त्याही सकाळपासून घाबरलेल्या आहेत. बसच्या पायरीवरची मुलगी रिम्पाच, असं त्यांनाही वाटलं होतं. रिम्पाची अक्षरं बरोबर होती, पण वाक्यं तुटकी. कोण कुणाला म्हणतंय ते लागत नव्हतं. विचारलं तर ती गप्प. फक्त एवढंच म्हणाली, की हे माझ्या आईला पाठवा.

"स्वतःहून म्हणाली?" लुत्फाने विचारलं.

"इतक्या दिवसांत माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ती. तेच."

दोघी आत गेल्या. टीचरांनी लॅपटॉपवर चित्र मोठं केलं आणि रिम्पाला म्हणाल्या, की आईला मल्याळम येत नाही, तर तूच वाचून दाखव. लुत्फाला वाटलं, ही काय वाचणार? वर्गात हजेरी द्यायची झाली तरी हिचा घसा कोरडा पडतो. रिम्पा बराच वेळ बाकाची कड नखाने कुरतडत राहिली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि पहिल्या फुग्यातली अक्षरं एकेक करून मल्याळममध्ये वाचली. वाचून झाल्यावर आईसाठी हलकेच बंगालीत सांगितलं, "'मला चमचा नको. मी काय लहान पोर आहे?'"

ताट फेकलं त्या रात्रीचे शब्द होते. सानारुलला राहिलेल्या बोटांनी भात कालवता येत नव्हता, शितं सांडत होती, म्हणून लुत्फाने न बोलता ताटात चमचा ठेवला होता. त्या चमच्यापायी सगळं झालं होतं.

दुसऱ्या चौकटीतल्या फुग्यात शब्दच नव्हते. टीचरांना भरलेला वाटला, कारण त्यात नुसते ठिपके दिले होते. "ती काही बोलत नाही," रिम्पाने सांगितलं. तिसऱ्या फुग्यावर बोट नेऊन तिने वाचलं, "'मी निघाले. परत येणार नाही.'"

लुत्फाला धीर धरवला नाही. "कुठे निघालीस तू? सांग मला. कुणी बोलावलंय का तुला?"

रिम्पाने चमकून वर पाहिलं. "मी कुठे? ही तू आहेस."

लुत्फा पडद्याजवळ वाकली.

"यात निवडायला बायका होत्या त्या सगळ्या साडीतल्या, नाहीतर पॅन्टमधल्या," रिम्पा म्हणाली. "डोक्यावर ओढणी असलेली एवढी एकच होती. मुलगीच होती, पण मी तिला जरा मोठी केली."

"मग तू कुठे आहेस?"

पोरीने शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. खाटेखालच्या मांजरावर. मग मागे जाऊन एकेक चौकट दाखवली. पहिल्या चौकटीत दाराआड मांजराची शेपटी होती. दुसरीत मडक्यामागे दोन कान. तिसरीत बसच्या चाकापाशी ते इतकं बारीक होतं, की लुत्फाने फोनवर कितीदा पाहूनही तिला दिसलं नव्हतं. मांजराच्या तोंडाशी शेवटच्या चौकटीत एक फुगा होता. रिम्पाने तो वाचला, पण या खेपेला बंगालीत सांगताना तिचा आवाज फुटला.

"'पोट दुखलं की मी तिच्याबरोबर जाते. मी असले की ती बसमध्ये चढत नाही.'"

टीचरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. रोज सकाळी दारात बसणारी ही पोर शाळा चुकवत नव्हती. आईवर पहारा देत होती. आणि आपण तिला ओवा चारत होतो, टाकून बोलत होतो.

"अगं, ते रागात बोलले मी," ती म्हणाली. "रागात माणूस काहीही बोलतं."

"तू शेजारच्या मर्जिना खालाला तिकिटाचं विचारलंस," रिम्पा म्हणाली. "हावड्याच्या गाडीचं. मी झोपले नव्हते."

आता खोटं बोलायला जागा राहिली नाही. लुत्फाने खरंच विचारलं होतं. एका तिकिटाचं विचारलं होतं, दोन नव्हे. त्या वेळी तिला काही दिसतच नव्हतं, नुसतं इथून सुटावं एवढंच वाटत होतं. हे पोरीला कसं सांगावं? पण नाही म्हणावं तर पोर ऐकून बसलेली.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "खूप दमले होते म्हणून विचारलं होतं. गेले नाही. आणि ऐक, तुला सोडून मी जाणार नाही. कधी जायचंच झालं तर तुझा हात धरून, तुला सांगून जाईन. चोरून नाही."

"आणि आब्बा?"

लुत्फाने पोरीला जवळ घेतलं. तिच्या अंगावरचा लाकडाचा भुसा रिम्पाच्या केसांत पडला.

दोघी चालतच घरी निघाल्या. वाटेत रिम्पाने विचारलं, की हे आब्बांना दाखवणार का. लुत्फाने फोन बाहेर काढला. पुसून टाकणं एका अंगठ्याचं काम होतं. घरातलं बोलणं बाहेर गेलं म्हणून तो आकाशपाताळ एक करेल, कदाचित शाळेत जाऊन टीचरांना बोलेल, पोरीची शाळाच बंद करेल. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. पण रिम्पा म्हणाली, "पुसू नकोस ना, मा. खूप वेळ लागला मला." लुत्फाने फोन परत ठेवला. चित्र पुसलं नाही, आणि ते दाखवायचं धाडसही तिच्यात नव्हतं.

सानारुल आला, हातपाय धुतले, फोन घेऊन पायरीवर बसला. रोजच्यासारखे व्हिडिओंचे आवाज येऊ लागले. लुत्फा आत बटाटे चिरत होती, पण कान बाहेर. रिम्पा पुस्तक उघडून बसली होती. पान काही उलटत नव्हती. मग बाहेरचा आवाज अचानक थांबला. लुत्फाची सुरी थांबली. तो ओरडेल म्हणून तिने खांदे आवळून घेतले. ओरडणं आलं नाही.

सानारुल दारात उभा राहिला. "हे कुणी केलंय?"

"मी," रिम्पा म्हणाली.

"काय लिहिलंय?"

पोरीने आईकडे पाहिलं. लुत्फाने होकाराची मान हलवली. रिम्पाने फोन हातात घेतला आणि बापाला सगळं वाचून दाखवलं. चमच्याचं, बसचं, मांजराचं, आणि चित्रात नसलेलं हावड्याच्या तिकिटाचंही सांगितलं. तो फोनकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता. ज्या भाषेत त्याला कारखान्यात फक्त हुकूम ऐकायला मिळायचे, ती भाषा पोरगी वाचत होती.

"माझं तोंड एवढं मोठं आहे?" त्याने विचारलं.

"ओरडता तेव्हा होतं," रिम्पा म्हणाली.

सानारुलने फोन खाटेवर ठेवला आणि तो बाहेर निघून गेला. दिवेलागणीला मगरिबची अजान झाली, भात निवला, तरी तो आला नाही. आता दारू पिऊन येतो की भांडून येतो, या घोराने लुत्फाने दहादा दाराशी जाऊन पाहिलं. तो आला तेव्हा शुद्धीवर होता. डोळे तांबारले होते. जेवायला बसला. शितं सांडली, ती त्याने स्वतःच वेचली. झोपताना एवढंच म्हणाला, "तिकिटाचं खरं आहे?"

"खरं आहे," लुत्फा म्हणाली.

तो कूस बदलून पडला. झोप दोघांनाही लागली नाही.

सकाळी रिम्पाचं पोट पुन्हा दुखलंच. एका दिवसात ते थोडंच जाणार होतं? ती दारात बसली. लुत्फा तिच्याशेजारी बसली आणि दोघींनी एक ठरवलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लुत्फा कारखान्याच्या अंगणातून आपला फोटो टीचरांच्या फोनवर पाठवणार आणि टीचर तो रिम्पाला दाखवणार. मा जागेवर आहे हे पोरीला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. सानारुल चहा पीत ऐकत होता. त्याने कप खाली ठेवला आणि पोरीचं दप्तर डाव्या खांद्याला लावलं. "चल," म्हणाला, "मी येतो फाटकापर्यंत."

लुत्फा दिवसभर अस्वस्थ होती. फाटकाशी जाऊन हा टीचरांना काही बोलला तर? दुपारी तिने फोटो पाठवला. पापुद्र्यांच्या रांगेपुढे ती उभी, मागे जान्सीचेची वाकून डोकावतेय. थोड्या वेळाने टीचरांचा निरोप आला, की रिम्पाने फोटो पाहिला आणि डबा संपवला. रिम्पाचे वडील काही बोलले का, असं लुत्फाने भीतभीत विचारलं. टीचरांनी सांगितलं, की ते फाटकाबाहेर बराच वेळ उभे होते, आत आले नाहीत.

त्यानंतर पोट लगेच थांबलं नाही. कधी आठवडाभर बरं असायचं, मग एखाद्या भांडणानंतर पुन्हा दारात बैठक. सानारुल अजूनही ओरडतो. फरक एवढाच, की मधेच थांबतो आणि बाहेर चालायला जातो. टीचरांच्या ओळखीने तो एकदा जिल्ह्याच्या दवाखान्यात हात दाखवायला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंशी तो हाताबद्दल कमी आणि झोप येत नाही याबद्दल जास्त बोलला, असं त्यानेच सांगितलं. चमचा मात्र त्याने अजून हातात धरलेला नाही.

वर्षाअखेर पालकांच्या सभेत मुलांची कॉमिक्स पडद्यावर दाखवायची होती. टीचरांनी रिम्पाला विचारलं, ती नाही म्हणाली. ते माझ्या घरचं आहे, असं मल्याळममध्ये स्वच्छ सांगितलं. तिने नवं केलं, कारखान्याच्या अंगणातल्या लंगड्या कुत्र्याचं, आणि या खेपेला फुगे स्वतः माईकवर वाचायचं कबूल केलं. सभेच्या दिवशी लुत्फा आणि सानारुल मागच्या रांगेत बसले. पडद्यावर कुत्रा आला. रिम्पाने पहिला फुगा वाचला, दुसरा वाचला, आणि तिसऱ्यातल्या एका लांबलचक शब्दावर अडकली. लुत्फाने बाकाची कड घट्ट धरली. पुढच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. पोरीने एकदा खाली पाहिलं, मग तो शब्द तोडून, दोन घासांत खाल्ल्यासारखा, वाचून टाकला आणि पुढच्या चौकटीवर गेली.